मीटर नसताना टायमिंग बेल्टचा ताण: अंगठ्याआधी टेन्शनरकडे बघा

प्रश्न कळव्याहून आला आहे. वडिलांनी घेतलेली 2007 ची पेट्रोल ह्युंदाई अ‍ॅक्सेंट. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, पुढच्या ऑइल सीलमधून गळती सुरू झाली आणि टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरवणारा दातेरी पट्टा) तेलाने माखला. मुलाने सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच काम काढले, सील बसवले, नवा बेल्ट आणि नवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा रोलर) आणला, आणि आता तिथेच अडला आहे. एक गॅरेजवाला सांगतो, टेन्शन मीटरशिवाय बेल्ट चढवाल तर इंजिन जाईल. दुसरा म्हणतो, अंगठ्याने दाबा, अर्धा इंच आत गेला की झाले. ‘काका, दोघांतला खरा कोण?’

तुमच्या गाडीपुरते बोलायचे तर दोघेही नाहीत. अर्ध्या इंचाचा नियम पंख्याच्या किंवा अल्टरनेटरच्या पट्ट्याचा. तो पट्टा घर्षणावर चालतो, थोडा घसरला तर कुरकुरतो आणि तुम्हाला कळवतो. टायमिंग बेल्टला दात असतात. तो घसरत नाही, एकदम दात सोडतो, आणि तेही सांगून नाही. आता मीटरवाल्याचे. मीटर ही चांगली वस्तू आहे, काही इंजिनांना ती लागतेच. पण तुमच्या अ‍ॅक्सेंटचा बेल्ट ज्या पद्धतीने ताणायला सांगितला आहे त्यात मीटर कुठेच येत नाही. तिथे ताण ठरवते एक स्प्रिंग. ती नीट काम करू शकेल अशी जागा करून देणे आणि मग बोल्ट योग्य क्रमाने आवळणे, एवढेच आपल्या हाती.

वागळे इस्टेटमध्ये तीसेक वर्षे हात काळे केल्यावर माझे मत असे झाले आहे की बेल्टचे बहुतेक घोटाळे ताण मोजता आला नाही म्हणून होत नाहीत. टेन्शनर कोणत्या जातीचा आहे हे न बघता प्रत्येक गाडीला एकच युक्ती लावली म्हणून होतात. म्हणून आधी ते बघू.

आपल्याकडच्या रस्त्यावर साधारण चार प्रकार दिसतात. पहिला तुमचा: टेन्शनरला स्प्रिंग असते, बोल्ट ढिले केले की ती रोलर बेल्टवर दाबते, मग बोल्ट आवळून रोलर तिथेच कायमचा जखडायचा. जुनी मारुती 800, पहिली झेन, 2003 पूर्वीची होंडा सिटी याच घरातल्या. दुसरा, स्वयंचलित उत्केंद्री टेन्शनर, म्हणजे ज्याची आस मध्यापासून बाजूला असते तो. त्याच्यावर एक काटा आणि एक खाच असते; काटा खाचेसमोर आणून नट आवळला की ताण बरोबर, इंजिन चालू असताना तो स्वतः सांभाळून घेतो. डस्टरचे 1.5 डिझेल, पोलोची डिझेल इंजिने यांत हा असतो. इथे बेल्ट पिळून बघण्यात काहीच अर्थ नाही, कारण बोटाने जोर दिला की टेन्शनर मागे सरकतो आणि तुम्हाला वाटते बेल्ट ढिला आहे. या इंजिनांत अडचण ताणाची नसून टायमिंगची आहे: क्रँक आणि कॅम नेमक्या जागी पिन घालून रोखावे लागतात, आणि त्या पिनांच्या जागी ड्रिलचा बिट खुपसण्याचा उद्योग मी करत नाही, तुम्हीही करू नका. तिसरा, हायड्रॉलिक. त्याचा दट्ट्या व्हाइसमध्ये अगदी सावकाश दाबायचा, भोकात तार घालून अडकवायचा, बेल्ट चढला की तार ओढायची. चौथा, निव्वळ हाताने फिरवायचा उत्केंद्री रोलर, स्प्रिंग नाही, काटा नाही. अंगठा, पीळ, मीटर हे सगळे वाद खरे तर या चौथ्या प्रकाराचे.

आणि ज्यांच्या गाडीत बेल्टच नाही त्यांनी इथेच थांबावे. स्विफ्टचे 1.3 डिझेल, मारुतीची के मालिका, ह्युंदाईचे 1.2 कप्पा, या सगळ्यांत चेन आहे. महिन्याला एक तरी माणूस स्विफ्ट डिझेल घेऊन ‘बेल्ट बदलायचा’ म्हणून येतो. फोर्डच्या 1.0 इकोबूस्टमध्ये बेल्ट आहे, पण तो तेलात चालतो. त्याला घरी हात लावू नका.

आता तुमचे काम.

इंजिन थंड हवे. थंड म्हणजे रात्रभर उभे राहिलेले, दुपारी ऑफिसातून आलेली गाडी तासभर ठेवून नाही. कारण सोपे आहे. अ‍ॅक्सेंटचा ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे. इंजिन तापले की दोन्ही फुगतात आणि क्रँक व कॅम यांच्यातले अंतर वाढते. साठ अंशांच्या फरकाला ही वाढ पाव मिलिमीटर ते तीन दशांश मिलिमीटरच्या घरात जाते. ऐकायला काहीच नाही, पण बेल्टच्या आत काचेच्या धाग्यांची दोरी असते आणि ती रबरासारखी ताणली जात नाही. म्हणजे गरम इंजिनात बेल्ट मुळातच जास्त ताठ असतो. तुम्ही गरम असताना ताण लावलात तर सकाळी थंड इंजिनावर तो सैल निघणार, आणि दात सुटण्याचा धोका सेल मारतानाच सगळ्यात जास्त.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना लाकडी ठोकळे, हँडब्रेक वर. चारही प्लग काढून ठेवा, म्हणजे क्रँक फिरवताना दाब आडवा येणार नाही आणि हाताला नेमके कळेल की काही अडकते आहे का. उजव्या बाजूचे इंजिन माउंटिंग काढले असेलच. संपखाली, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली, जॅक लावताना मध्ये जाड फळी घालायची. थेट जॅकवर पत्र्याचा संप चेपतो, आणि चेपलेल्या संपात तेल ओढणाऱ्या जाळीला तळाशी जागा उरत नाही.

सील गळत होते म्हणजे पुलींच्या दातांत, कव्हरच्या कोपऱ्यांत, टेन्शनरच्या मागे तेल बसलेले असणार. ते ब्रेक क्लीनरने आणि सुक्या फडक्याने काढा. रॉकेल किंवा डिझेल नको, ते मागे राहते आणि नव्या बेल्टचे रबर खाते. टेन्शनरच्या बोल्टच्या जागा, पिव्हॉट (टेन्शनर ज्याच्याभोवती फिरतो ती जागा), स्प्रिंगची खुंटी हे सगळे हातात घेऊन बघा. आपल्याकडे खाडीची दमट हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे पिव्हॉटला हलका गंज धरतोच. टेन्शनर बोटाने हलवला तर तो लोण्यासारखा सरकून स्प्रिंगच्या जोराने परत यायला हवा. अडखळत आला, तर स्प्रिंगचा अर्धा जोर गंजाशी भांडण्यात जाणार आणि बेल्टला उरलेला मिळणार. इथे पाच मिनिटे पॉलिश पेपर घासला की पुढची निम्मी काळजी मिटते.

टेन्शनर तुम्ही नवा आणला आहे, चांगले केले. स्प्रिंग आणली का? किटमध्ये ती बऱ्याचदा नसते.  जुनी स्प्रिंग ढिली पडली असेल, तिचे टोक उघडले असेल तर वेगळी मागवा. ताण ठरवणारी वस्तू तीच आहे आणि नेमकी तिचीच कोणी चौकशी करत नाही.

बेल्ट चढवताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: बेल्टला एक ओढीची बाजू असते आणि एक सैल बाजू. क्रँक ज्या बाजूने कॅमला खाली खेचतो ती ओढीची, दुसरी सैल, आणि टेन्शनर नेहमी सैल बाजूला असतो. तुमचे इंजिन पुलीच्या बाजूने बघितले तर घड्याळाच्या दिशेने फिरते. क्रँकची आणि कॅमची खूण आपापल्या जागी आणा, टेन्शनर वॉटर पंपाच्या दिशेने मागे सारून एक बोल्ट हलका आवळून ठेवा, आणि बेल्ट आधी क्रँकवर, मग ओढीच्या बाजूने वर कॅमवर घाला. ओढीची बाजू सरळ, ताठ. जो काही झोळ असेल तो सगळा टेन्शनरकडे गेला पाहिजे. हे न करता पुढे गेलात तर झोळ ओढीच्या बाजूला लपून बसतो, स्प्रिंग दुसरीकडे ताण देऊन समाधान मानते, आणि पहिल्याच सेलला कॅम अर्ध्या दाताने मागे राहतो.

नव्या बेल्टला उलटा करून, गाठ मारल्यासारखा दुमडून बघू नका. दुकानदारही काउंटरवर तो दुमडून ‘ओरिजिनल आहे बघा’ करतात. आतली दोरी काचेची आहे, लहान वळणात ती तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. पेचकसाने रेटून बसवणेही तसलेच. बसत नसेल तर टेन्शनर पूर्ण मागे गेलेला नाही एवढाच त्याचा अर्थ.

आता टेन्शनरचे दोन्ही बोल्ट ढिले करा आणि स्प्रिंगला तिचे काम करू द्या. हात काढून घ्या. खरोखरच काढून घ्या. इथे हात शिवशिवतात, ‘थोडा अजून’ म्हणून रोलरला पेचकसाचा टेकू देण्याचा मोह होतो. मी तो मोह एकदा केला आहे, पुढे सांगतो.

मग बोल्ट आवळायचे, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. लांबट भोकातला बोल्ट आधी, पिव्हॉटचा नंतर. उलटे केले तर पिव्हॉटचा बोल्ट आवळताना त्याच्याबरोबर अख्खा टेन्शनर किंचित फिरतो आणि स्प्रिंगने ठरवलेल्या ताणावर तुमच्या पान्याचा ताण चढतो. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट बजावलेले आहे. बेल्ट बदलल्यानंतर घरघर सुरू झाली म्हणून येणाऱ्या जुन्या ह्युंदाईंमध्ये मी पहिली शंका याच चुकीवर घेतो.

किती आवळायचे? या बोल्टांना 20 ते 27 न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच (जोर मोजून आवळायचा पाना) नसेल तर रद्दीवाल्याकडे असतो तसला आकड्याचा स्प्रिंग काटा किंवा विमानप्रवासाला बॅग तोलायचा डिजिटल काटा घ्या. पान्यावर बोल्टच्या मध्यापासून बरोबर 20 सेंटिमीटरवर खूण करा, तिथे दोरी बांधा आणि काटा पान्याशी काटकोनात ठेवून ओढा. साडेअकरा किलो दाखवले की साडेबावीस न्यूटन-मीटरच्या आसपास झाले. काटकोन चुकला तर आकडा खोटा. काटा खरा आहे का, हे एक लिटर पाण्याच्या बाटल्या टांगून तपासता येते. क्रँक पुलीच्या मोठ्या बोल्टला मात्र ही युक्ती चालवू नका. तिथे कितीतरी पट जोर लागतो, काटा तुटून तोंडावर येईल. त्याला टॉर्क रेंच कोणाकडून तरी मागून आणा.

आता क्रँक पुलीच्या बोल्टवर गोटी पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. दोनच का, तर क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो आणि खुणा परत समोरासमोर येतात. फिरवायचे सुलट दिशेने, सावकाश, आणि कधीही कॅमच्या बोल्टवरून नाही. मध्येच कडक काही लागले तर जोर लावू नका, थांबा. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असेल. हाताने टेकला तर काही बिघडत नाही, सेलने टेकला तर हेड उतरवावे लागते.

खूण ओलांडून पुढे गेलात तर मागे घेऊ नका. परत दोन फेरे पुढे या. वेळखाऊ वाटते, पण क्रँक उलटा फिरवला की झोळ टेन्शनरच्या बाजूने उठून ओढीच्या बाजूला जातो आणि मघाचे सगळे व्यर्थ.

खुणा जुळल्या की दोन्ही बोल्ट पुन्हा अर्धा-पाऊण फेरा ढिले करा, स्प्रिंगला उरलासुरला झोळ खाऊ द्या, आणि त्याच क्रमाने परत आवळा. नवा बेल्ट पहिल्या फेऱ्यांत दातांमध्ये बसतो, त्यामुळे ही दुसरी संधी त्याला द्यावी.

इथे जुन्या होंडा सिटीची पद्धत सांगण्यासारखी आहे, कारण तीत सगळे तत्त्व उघडे पडते. ते इंजिन उलट्या दिशेने फिरते. त्यात बेल्ट बसवून इंजिन काही फेरे फिरवायचे, टेन्शनरचा बोल्ट अर्धा फेरा ढिला करायचा, मग कॅम पुलीचे तीन दात पुढे जाईपर्यंत क्रँक फिरवायचा आणि तिथेच बोल्ट आवळायचा. तीन दात कशाला? त्या जागी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला अडवतात, ओढीची बाजू तारेसारखी ताठ होते आणि सैल बाजू पूर्ण सैल पडते. बरोबर त्याच क्षणी टेन्शनर मोकळा असतो. ना मीटर, ना अंगठा. शेवटची हालचाल सुलट आणि ओढ असलेली हवी, ही गोष्ट सगळ्या इंजिनांना लागू आहे, आकडे फक्त बदलतात.

एक सूचना घाबरट लोकांसाठी. बऱ्याच नव्या बेल्टवर पांढऱ्या रेषा छापलेल्या असतात. दोन फेऱ्यांनंतर त्या पुलीच्या खुणांशी जुळत नाहीत आणि माणूस मध्यरात्री फोन करतो. जुळणार नाहीतच. बेल्टच्या दातांची संख्या आणि पुलीच्या दातांची संख्या वेगळी असते, त्यामुळे रेषा पुन्हा त्याच जागी यायला कितीतरी फेरे लागतात. रेषा बसवतानाच्या, पुढे बघायच्या त्या पुलीवरच्या खुणा.

आता तपासणी. अ‍ॅक्सेंटसाठी मॅन्युअलने दिलेली खूण मला फार आवडते, कारण तिला मोजपट्टीसुद्धा लागत नाही. टेन्शनर आणि बेल्टची ओढीची बाजू हाताने एकमेकांकडे आडवी दाबायची, जोर साधारण 5 किलो. तेव्हा बेल्टच्या दातांची कड टेन्शनरच्या बोल्टच्या डोक्याच्या मध्यबिंदूपासून अर्ध्या त्रिज्येवर यायला हवी. डोके 12 चे असेल तर मध्यापासून 3 मिलिमीटर. कड मध्याच्या पलीकडे गेली तर सैल, डोक्याच्या काठावरच अडली तर ताठ.

पण 5 किलो म्हणजे किती, हे बोटाला कसे कळणार? घरात किराणा मोजायचा काटा असेल तर त्यावर अंगठा दाबा, आकडा 5 वर आणा, डोळे मिटा, सोडा, पुन्हा दाबा. दहा-बारा वेळा केले की अंगठ्याला ते वजन आठवायला लागते. मी हाताखाली येणाऱ्या पोरांना आधी हेच करायला लावतो. बहुतेकांचे ‘मध्यम जोर’ म्हणजे 9-10 किलो निघतात. एका व्यायामशाळेत जाणाऱ्याचे तर काट्याच्या पलीकडे गेले.

आता तो प्रसिद्ध पिळाचा नियम. बेल्टचा सगळ्यात लांब मोकळा भाग पकडायचा, त्याच्या मध्यावर अंगठा आणि तर्जनीने पीळ द्यायचा, 90 अंशांपर्यंत जेमतेम वळला तर ताण बरोबर. हा नियम खोटा नाही. जुन्या फोक्सवॅगनसारख्या, हाताने फिरवायच्या रोलरच्या इंजिनांसाठी तो कामाचा होता. पण लोकांनी तो सगळीकडे नेला. मोकळा भाग लहान असेल, बेल्ट रुंद असेल तर बरोबर ताणलेला बेल्टही 90 अंश वळणार नाही. मग माणूस तो वळेपर्यंत सैल करत जातो. उलट लांब भागात सैल बेल्टही सहज वळतो. शिवाय बोटे कोणाची? माझ्या हाताला 90 वाटणारा पीळ तुमच्या हाताला 60 वर थांबेल. मी पीळ देऊन बघतो, नाही म्हणत नाही, पण ताण लावून झाल्यावर. अजिबात जोर न लावता पार आडवा होऊन पुढे गेला, किंवा 45 अंशांतच लाकडासारखा थांबला, तर काहीतरी चुकले आहे एवढे तो सांगतो. ताण किती आहे ते नाही सांगत.

तरुणांना आवडणारी एक पद्धत म्हणजे मोबाइल. बेल्टचा मोकळा भाग बोटाने छेडला की तो तंबोऱ्याच्या तारेसारखा थरथरतो. खुंटी पिळली की स्वर चढतो तसेच इथे. टेन्शन मीटरचे काही प्रकार नेमके हेच मोजतात आणि काही कारखाने ताण किलोत न देता हर्ट्झमध्येच देतात. गिटार जुळवायचे किंवा आवाजाची वारंवारता दाखवायचे फुकट अ‍ॅप घेऊन हे घरी जमते. हिशोब असा: ताण म्हणजे चार गुणिले बेल्टचे दर मीटरला वजन, गुणिले मोकळ्या लांबीचा वर्ग, गुणिले वारंवारतेचा वर्ग. समजा मोकळा भाग 20 सेंटिमीटर, बेल्ट मीटरला 125 ग्रॅम आणि सूर 100 हर्ट्झचा, तर ताण 200 न्यूटन, म्हणजे वीसेक किलो. वारंवारता 10 टक्के चढली की ताण 21 टक्क्यांनी चढतो, वर्ग आहे म्हणून. त्यामुळे सुरातला छोटा फरकही दुर्लक्षू नये.

यात अडचणी तीन. तुमच्या इंजिनासाठी हर्ट्झचा आकडा दिलेला नसेल तर मोजून तुलना कशाशी करणार? दुसरे, आखूड भागात बेल्टचा स्वतःचा ताठरपणा सूर चढवतो आणि हिशोब ताण जास्त दाखवतो. तिसरे, अ‍ॅप पुष्कळदा मूळ सुराऐवजी दुप्पट सूर पकडते, आणि घोडबंदर रोडच्या कडेला उभे राहून मोजाल तर ट्रकचाच सूर पकडेल. मी याचा उपयोग एकाच गोष्टीला करतो: जुना, ठीक चाललेला बेल्ट काढण्याआधी थंड इंजिनावर त्याचा सूर लिहून ठेवायचा आणि नव्याचा त्याच जागी, त्याच खुणांवर पुन्हा घ्यायचा. नवा थोडा चढा हवा. तो जुन्यापेक्षा खाली आला, तर बोल्ट ढिले करून पुन्हा सुरुवात. तुमचा जुना बेल्ट तेलात भिजलेला होता, त्याचा सूर घेऊन ठेवला असलात तरी विसरा.

आता माझा मोह. बरीच वर्षे झाली, भाड्याने चालणारी एक डिझेल इंडिका होती. डिझेलमध्ये बेल्टवर कॅमखेरीज इंधनपंपाचाही भार असतो, म्हणून ‘थोडा ताठ बरा’ असे मला वाटले आणि टेन्शनरला पेचकसाने टेकू देऊन मी बोल्ट आवळला. गाडी सुरू झाली तेव्हा एक बारीक, चढत जाणारा ऊं असा आवाज होता, एक्सिलरेटरबरोबर वर जाणारा. चालक म्हणाला, नवीन बेल्ट आहे, बसेल. मीही तेच म्हणालो. दोन महिन्यांत तो गाडी टो करून घेऊन आला. बेल्ट अखंड होता. टेन्शनरचे बेअरिंग भाजून निळे पडले होते, रोलर तिरका झाला आणि बेल्ट कडेने सरकून उतरला. व्हॉल्व्ह वाकले. हेडचा खर्च मी दिला, तो किती हे आता सांगून काही उपयोग नाही. तेव्हापासून मी एक मानतो: सैल बेल्ट पहिल्या दिवशी त्रास देतो, ताठ बेल्ट तुमची पाठ वळल्यावर.

दोघांची ओळख कानाने पटते. ताठ बेल्ट गुणगुणतो, वेगाबरोबर सूर चढतो. सैल बेल्ट कव्हरला फटफट लागतो, विशेषतः इंजिन बंद करताना आणि थंड सुरू करताना. उघडून बघितले तर कव्हरच्या आतल्या बाजूला घासल्याची काळी रेघ आणि रबराचा चुरा मिळतो.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग लावा आणि हाताने आणखी दोन फेरे फिरवून खुणा शेवटच्या एकदा बघा. वरचे कव्हर अजून लावू नका. अ‍ॅक्सेंटचा वॉटर पंप बाहेरच्या पट्ट्यावर चालतो. तो पट्टा लावलेला नसेल तर इंजिन पंधरा-वीस सेकंदांहून जास्त चालवायचे नाही. तेवढ्यात बघायचे ते एवढेच: बेल्ट कॅम पुलीच्या मध्यावर धावतो का, कडेला चढतो का, रोलरचा आवाज आहे का. कडेला चढत असेल तर ताण वाढवून तो आत येत नाही. टेन्शनरच्या मागे घाण राहिली आहे किंवा तो तिरका बसला आहे. काढून बघा.

जुना बेल्ट परत ताणून चालवण्याचा विचार कोणी करत असेल तर नको. हजारो किलोमीटर चाललेल्या बेल्टचे दात झिजून उथळ झालेले असतात, दोरी थकलेली असते. त्याला नव्याचा ताण दिला तर तो थकव्याने तुटेल, कमी दिला तर दात सोडेल. आणि तेल लागलेला तर कितीही नवा असो, कचऱ्यात. किलोमीटरइतकीच वर्षेही मोजा. माजिवड्यापासून कापूरबावडीपर्यंत रोज अर्धा तास रांगणाऱ्या गाडीचे मीटर हलत नाही, पण बेल्ट फिरतच असतो.

एक सवयही बदला. येऊरसारख्या चढावर तोंड वर करून गाडी लावताना बरेच जण पहिला गिअर टाकून हँडब्रेक अर्धवट ओढतात. गाडी मागे रेलली की इंजिन उलटे ढकलले जाते, आणि उलटी ओढ आली की सगळा झोळ भलत्या बाजूला जातो. हँडब्रेक आधी पूर्ण, त्याच्यावर गाडी टेकू द्या, मग गिअर. चाकाखाली दगड लावलात तर उत्तमच.

शेवटी कव्हर. त्याच्या कडेला रबराची पातळ पट्टी असते, उघडताना ती गळून पडते आणि जॅकखाली चिरडली जाते. ती नसेल तर नवी घ्या किंवा जुनी स्वच्छ करून सगळीकडून नीट बसवा, खालच्या कव्हरचे लहान बोल्टही सगळे लावा. जूनमध्ये कळव्यात पाणी तुंबले की त्या फटीतून चिखलपाणी आणि बारीक खडी थेट क्रँक पुलीवर येते, आणि दातात अडकलेला एक खडा तुमच्या स्प्रिंगने ठरवलेला ताण एका फेऱ्यात दुप्पट करतो.